शेतीसाठी मोबाईलची निवड : प्रणाली, सुसंगतता आणि रेंज

बियाणे घेताना आपण जमीन, पाणी आणि वाणाचा कालावधी पाहतो. मोबाईल घेताना मात्र बहुतेक वेळा कॅमेरा आणि किंमत एवढेच पाहिले जाते. राज्यात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद करण्याचे काम शेतकऱ्याच्या हाती आले. शेतात मोबाईल चालला नाही व पेऱ्याची नोंद राहिली, तर हमीभावाने सोयाबीन विकण्यासाठी नाव नोंदवताना अडचण येते. म्हणून दहा-बारा हजार रुपये खर्च करण्यापूर्वी पुढील बाबी समजून घेणे फायद्याचे आहे.

1) प्रणाली

मोबाईल ज्या मूळ आज्ञावलीवर चालतो तिला कार्यप्रणाली म्हणतात. सध्या बाजारात दोनच प्रणाली प्रमुख आहेत : गुगलची अँड्रॉइड आणि अ‍ॅपलची आयओएस. अँड्रॉइड अनेक कंपन्यांच्या मोबाईलमध्ये, स्वस्तापासून महागापर्यंत मिळते. आयओएस फक्त आयफोनमध्ये असते. तिला नवीन आवृत्त्या अनेक वर्षे मिळतात, परंतु मोबाईलची किंमत जास्त असते.

तिसरी प्रणाली कायओएस. 2017 साली आलेला बटणांचा जिओफोन याच प्रणालीवर चालतो. बोलणे आणि संदेश यासाठी तो ठीक आहे. मात्र त्यावर अँड्रॉइडचे अ‍ॅप चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅपही त्यावर जून 2024 पासून नव्याने घेता येणे बंद झाले. विंडोजचे मोबाईलही एकेकाळी आपल्याकडे विकले गेले, पण मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2020 मध्ये त्या प्रणालीची देखभाल थांबवली. प्रणाली मागे पडली की यंत्र धडधाकट असूनही कामाचे राहत नाही.

2) अ‍ॅपची सुसंगतता

प्रत्येक अ‍ॅपला प्रणालीची किमान आवृत्ती लागते. व्हॉट्सअ‍ॅपने 2025 च्या सुरुवातीस अँड्रॉइड 4.4 वरील सेवा बंद केली. त्याच वर्षी जुन्या आयफोनसाठी आयओएस 15.1 ही किमान आवृत्ती ठरवली. सरकारी अ‍ॅपही वेळोवेळी सुधारली जातात आणि जुना मोबाईल हळूहळू बाहेर पडतो. त्यासाठी :

अ) मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'फोनविषयी माहिती' या ठिकाणी आवृत्ती पाहावी.

आ) आपणास लागणारी अ‍ॅप, उदाहरणार्थ ई-पीक पाहणी, हवामान सल्ल्यासाठी मेघदूत आणि विजेच्या पूर्वसूचनेसाठी दामिनी, दुकानातच त्या मोबाईलवर उघडून पाहावीत. आयफोन घेणाऱ्यांनी ही खात्री आधी करावी.

इ) यापुढे किती वर्षे प्रणालीच्या सुधारणा मिळणार हे विक्रेत्यास विचारावे. तीन वर्षांपूर्वीचे मॉडेल स्वस्त मिळते, पण त्याच्या सुधारणांचा काळ बराचसा संपलेला असतो.

3) 2जी, 4जी आणि 5जी

जिओचे जाळे केवळ 4जी व 5जीचे आहे. त्यावर बोलण्यासाठी मोबाईलमध्ये 'व्होल्टे' सुविधा असावी लागते. जुन्या 2जी मोबाईलमध्ये जिओचे सिम चालत नाही. एअरटेल व व्होडाफोन आयडिया यांच्याकडे 2जी व 4जी दोन्ही आहेत. एअरटेलने 3जी सेवा 2020 मध्ये देशभर बंद केली, त्यामुळे केवळ 3जीपर्यंत चालणारा मोबाईल तेथे 2जीवर येतो आणि इंटरनेट जवळजवळ थांबते. बीएसएनएलच्या स्वदेशी बनावटीच्या 4जी जाळ्याचे उद्घाटन 27 सप्टेंबर 2025 रोजी झाले. देशात 5जी सेवा 1 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली.

विहिरीवरील पंप घरबसल्या चालू-बंद करण्यासाठी अनेक बागायतदार मोबाईल स्टार्टर वापरतात. यातील पुष्कळ स्टार्टर 2जीवर चालतात. अशा स्टार्टरमध्ये जिओचे सिम टाकल्यास पंप चालू होत नाही आणि दोष मात्र स्टार्टरला दिला जातो. स्टार्टर घेताना तो 2जीचा की 4जीचा हे विचारून त्यानुसार सिम निवडावे. नवीन घ्यावयाचा असल्यास 4जीचा घेणे हिताचे.

4) रेंज का मिळत नाही?

टॉवर निरनिराळ्या लहरींवर काम करतात. कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर जातात व भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होतात. जास्त वारंवारतेच्या लहरींवर वेग चांगला मिळतो, पण त्यांचा पल्ला कमी असतो. या लहरींच्या पट्ट्यांना बँड म्हणतात.

तक्ता : काही महत्त्वाचे बँड
700 मेगाहर्ट्झ – बँड 28 – लांबचा पल्ला
850 मेगाहर्ट्झ – बँड 5 – लांबचा पल्ला
900 मेगाहर्ट्झ – बँड 8 – लांबचा पल्ला
1800 मेगाहर्ट्झ – बँड 3 – मध्यम पल्ला
2100 मेगाहर्ट्झ – बँड 1 – मध्यम पल्ला
2300 मेगाहर्ट्झ – बँड 40 – कमी पल्ला

बीएसएनएलची 4जी सेवा 700 व 2100 मेगाहर्ट्झवर आहे. मोबाईलमध्ये बँड 28 नसेल, तर टॉवर असूनही दूरच्या शेतात ती मिळणे कठीण. परदेशातून पाहुण्यांनी आणलेल्या मोबाईलमध्ये असा फरक विशेषकरून पाहावा. मोबाईलचे बँड खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेले असतात.

आपला जिल्हा बालाघाटच्या पठारावर व त्याच्या उतारावर वसलेला आहे. भूम, वाशी, तुळजापूर परिसरात माळावर पूर्ण रेंज आणि खाली ओढ्याकाठच्या रानात काहीच नाही, असा अनुभव येतो. मध्ये डोंगर आला की लहरी अडतात. तेथे महाग मोबाईल घेऊन उपयोग नाही. टॉवर कोणत्या बाजूस आहे ते पाहून कंपनी निवडावी लागते.

5) ठिकाणाची नोंद

पिकाचा फोटो घेताना मोबाईल उपग्रहांच्या साहाय्याने आपले ठिकाण ठरवतो. यासाठी मोबाईलची रेंज लागत नाही, मात्र रेंज असल्यास ठिकाण लवकर सापडते. म्हणून फोटोपूर्वी लोकेशन सुरू करून दोन-तीन मिनिटे उघड्या आभाळाखाली थांबावे. आंब्याच्या झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठिकाण चुकू शकते. शेतात रेंज नसल्यास फोटो व माहिती साठवून, रेंजमध्ये आल्यावर ती पाठवावी आणि पोहोचल्याची खात्री करूनच अ‍ॅप बंद करावे.

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत परंडा, भूम भागात पूर आला. अशा वेळी वीज जाते आणि टॉवरही बंद पडू शकतात. मोठी बॅटरी आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमे असलेला मोबाईल तेव्हा उपयोगी पडतो.

6) खरेदीची पद्धत

1. आपल्या शेतात घर, विहीर आणि शेवटचा बांध अशी तीन ठिकाणे निवडावीत. शेजाऱ्यांच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोबाईलवर तेथे कॉल व इंटरनेट तपासावे.

2. सेटिंगमधील सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा दिसतो. तो उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. 4जीसाठी उणे 90 चांगला आणि उणे 115 च्या खाली कमकुवत समजावा.

3. ट्रायच्या आदेशानुसार कंपन्यांनी 2025 पासून आपापल्या संकेतस्थळावर व्याप्तीचे नकाशे दिले आहेत. ते पाहावेत, पण अंतिम निर्णय शेतातील तपासणीवरच घ्यावा.

4. कंपनी बदलायची असल्यास क्रमांक बदलण्याची गरज नाही. इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला क्रमांक 1900 वर पाठवावा. आधार व बँकेला जोडलेला क्रमांक तोच ठेवावा.

5. जुना मोबाईल घेताना *#06# दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा. के, वाय, एम ही इंग्रजी अक्षरे व पुढे तो क्रमांक 14422 वर पाठविल्यास मोबाईलची माहिती मिळते. चोरीचा किंवा बंद केलेला मोबाईल त्यामुळे ओळखता येतो.

सारांश

आधी शेतातील रेंज पाहून कंपनी ठरवावी. त्या कंपनीचे बँड असणारा मोबाईल निवडावा. मग लागणारी अ‍ॅप त्याच्या प्रणालीवर चालतात का हे पाहावे. कॅमेरा व रंग शेवटी. शेतात 5जी नसेल आणि पैशाची ओढाताण असेल, तर चांगला 4जी मोबाईलही वरील सर्व कामे करतो. स्मार्टफोन घेणे शक्य नसल्यास साध्या मोबाईलवरूनही किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून शेतीविषयक सल्ला घ्यावा.