बॅग शेवटी भरा

परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या घरी शेवटचे पंधरा दिवस वजनकाट्याभोवती जातात. कुकर न्यायचा की नाही, भाजणी किती, मेतकूट कुठल्या बॅगेत, स्वेटर अंगावर घातला तर किती किलो वाचेल, अशी वाटाघाट चालते. ‘तिकडे काय काय लागेल?’ हा प्रश्न त्या सगळ्याच्या मुळाशी असतो. तो स्वाभाविक आहे, पण त्याला अंत नाही, लागते सगळेच. माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ही गोष्ट राहून गेली, तर तिथे बसून ती मिळवायला किती दिवस, किती पैसे आणि किती जणांची मनधरणी लागेल? या कसोटीला लावली की बहुतेक घरांतली यादी उलटी करावी लागते. उदाहरणाला जर्मनी घेतो, कारण पुण्या-मुंबईची बरीच मुले तिकडे जातात आणि तिथला कारभार कागदावाचून हलत नाही.

आधी बॅगेचाच हिशेब करू. जर्मनीतली वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे. बारीक दोन पिनांचे चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतात; जाड तीन पिनांच्या वस्तूंसाठी अ‍ॅडॅप्टर लागतो. डाळ, तांदूळ, हळद, मोहरी मोठ्या शहरांतल्या भारतीय किंवा आशियाई दुकानांत मिळते. उलट आई ज्या गोष्टी हमखास देते, त्यांतल्या काही नेताच येत नाहीत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला मनाई आहे, म्हणजे साजूक तूप आणि खवा गेले. डिसेंबर २०१९ पासून ताजी फळे, भाज्या आणि पाने यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. सूट फक्त अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना. म्हणजे हापूस आणि कढीपत्ताही गेले. ज्या वजनासाठी घरात वाद होतात, त्यातले बरेचसे तिथे विकत मिळते आणि काही तर विमानतळावरच काढून घेतले जाऊ शकते. मेतकूट आणि गोडा मसाला मात्र जरूर न्यावा. तो कुठेही सहज मिळत नाही, म्हणजे तो आपल्या कसोटीला उतरतो.

आता त्याच कसोटीला कागद लावून पाहा. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहिलेले असते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचे नाव जोडलेले, आधारवर आद्याक्षर, आणि लग्न झालेल्या मुलीच्या बाबतीत मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेले. बारशाआधी नोंद झालेल्या जुन्या जन्मदाखल्यावर तर बाळाचे नावच नसते. इथे हे कोणाला खटकत नाही, कारण समोरच्या कारकुनाला आपली नावे कशी चालतात ते ठाऊक असते. जर्मन अधिकाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र सक्तीचे आहे. त्यात पदवी आणि गुणपत्रिका तपासल्या जातात. पण खरी परीक्षा पुढे असते. तिथेच लग्न करायचे ठरले किंवा मूल झाले, की नोंदणी कार्यालय जन्मदाखला आणि विवाहाचा दाखला मागते. एका देशाचे दाखले दुसऱ्या देशात एका शिक्क्यावर मान्य करणाऱ्या आपोस्टिल करारात भारत २००५ साली आला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर हरकत घेतली, त्यामुळे या दोन देशांमध्ये आपोस्टिलचा शिक्का चालत नाही. कागदाची खातरजमा भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत होते, चौकशी थेट इथल्या नोंदवहीपर्यंत जाऊ शकते आणि त्यात महिने जातात. नावातला फरक तेव्हा सापडला, तर तो दुरुस्त करायला माणूस गावात हवा असतो, आणि तो असतो श्टुटगार्टला.

कागदांइतकाच दुर्लक्षित राहतो तो भारतातला मोबाइल नंबर. बँक, आधार, प्राप्तिकर, डिजिलॉकर, सगळ्यांचे ओटीपी त्या एका नंबरवर येतात. परदेशी गेल्यावर रिचार्ज विसरला की काही महिन्यांत नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कोणालातरी मिळतो. तो परत मिळवणे किंवा आधारला नवा नंबर जोडणे, या दोन्हींसाठी साधारणपणे स्वतः हजर राहावे लागते. म्हणून निघण्यापूर्वी रोमिंग चालू करून पाहावे आणि रिचार्जची जबाबदारी घरच्या एका माणसावर सोपवावी. त्याच माणसाच्या नावे मर्यादित कामांपुरते मुखत्यारपत्र करून ठेवावे. इथे ते थोड्या दिवसांत होते, तिथून करायचे म्हटले की वकिलातीची वेळ, प्रवास आणि टपाल आले. दात आणि चष्मा यांनाही हाच न्याय. तज्ज्ञ डॉक्टरची वेळ मिळायला तिथे अनेकदा कित्येक आठवडे थांबावे लागते. नेहमीची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडचे कंपनीचे नाव तिथल्या दुकानदाराला काही सांगत नाही.

पैशाची तयारी बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंटपाशी थांबवतात. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी त्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. पण ते हातात येतात दरमहा ९९२ प्रमाणे, आणि तेही तिथे चालू खाते उघडल्यावर. घरमालक मात्र अनामत आधी मागतो. कायद्याने ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि तिला घरमालकाचे लेखी पत्र लागते. काही दिवसांपुरत्या घेतलेल्या खोलीचा मालक ते देईलच असे नाही, आणि ही नोंदणी अडली की पुढची बरीच कामे अडतात. म्हणून अनामत आणि पहिल्या दोन महिन्यांचा खर्च वेगळा हाताशी ठेवावा, आणि खोली ठरवताना भाड्याच्याही आधी ‘नोंदणीचे पत्र द्याल का?’ हे विचारावे.

यावर कोणी म्हणेल, आता सगळे डिजिटल आहे, आणि आईवडील आहेतच की इथे. डिजिलॉकर उपयोगी आहे, पण तो त्याच ओटीपीने उघडतो, आणि जुने जन्मदाखले किंवा विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट त्यात सापडेलच असे नाही. आईवडील रांगेत उभे राहतील, पण अर्जावर सही मुलाचीच लागते, आणि साठीच्या माणसांना महापालिकेच्या तीन खिडक्यांवर फिरवणे ही काही तयारी नव्हे. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: परक्या ठिकाणी पहिल्या हिवाळ्यात माणसाला आधार कागदांचा होत नाही, घरच्या चवीचा होतो. हे खरे आहे. पण सगळी कागदपत्रे मिळून एक किलोही भरत नाहीत. त्यांची स्पर्धा मसाल्याशी नाही, वेळेशी आहे. मसाला दोन दिवसांत कुटून होतो. दाखल्यावर नाव चढवायला किती दिवस लागतील, ते अर्जदाराच्या हातात नसते. तिसरा आक्षेप असा, की नियम बदलतात. बदलतातच, म्हणून वरचे आकडे पाठ न करता अर्जाच्या वेळी वकिलातीची ताजी यादी वाचावी. कसोटी मात्र तीच राहते.

तेव्हा कामांचा क्रम उलटीकडून लावावा. जर्मनीत हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि अनेक विद्यापीठांची अर्जाची शेवटची तारीख १५ जुलै असते. आदल्या वर्षीच्या दिवाळीत सगळे कागद एकदा टेबलावर मांडून नावे ताडून पाहावीत आणि दुरुस्तीचे अर्ज टाकावेत. नव्या वर्षात ट्रान्सक्रिप्ट आणि एपीएस, उन्हाळ्यात दात, चष्मा आणि मुखत्यारपत्र, व्हिसा हाती आल्यावर खोली आणि अनामतीचे पैसे. बॅगेला शेवटचा आठवडा पुरतो, आणि तीत काही राहिलेच तर ते तिथे विकत घेता येते.