मोटारसायकलच्या चाकाचे बेअरिंग

उधन्यात मागांचा खडखडाट ऐकत ज्याचे बालपण गेले, त्याला यंत्राचा निरोगी आवाज कोणता आणि दुखणाईत कोणता हे निराळे शिकवावे लागत नाही. आमचे वडील पांडेसऱ्याच्या एका रंगाईच्या कारखान्यात पाळीने कामास जातात. त्यांची मोटारसायकल आमच्या जन्माआधीची. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या पुढच्या चाकातून जात्यासारखी घरघर येऊ लागली. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून चाक वर आणि खाली धरून आडवे हलविले, तो त्यात स्पष्ट खेळ जाणवला. रात्रपाळीहून परतताना ते चाक अडकले असते तर काय झाले असते, हे सांगणे न लगे. बेअरिंग घरीच बदलावयाचे असे आम्ही दोघा भावांनी ठरविले. त्यात काटकसरीइतकीच हौसही होती, हे कबूल केले पाहिजे.

बैलगाडीच्या चाकाचा तुंबा कण्यावर घासत फिरतो. म्हणून गाडीवान वंगणाचे नळकांडे जवळ बाळगतो. बेअरिंगात घासण्याची जागा गडगडणे घेते. एकात एक अशा दोन पोलादी कड्या आणि त्यांमधील खाचेतून धावणारे छर्रे, एवढीच त्याची रचना. गाडीच्या आसासाठी अशा छर्ऱ्यांचे पेटंट वेल्समधील फिलिप वॉन याने 1794 साली घेतले होते. पुढची एक गोष्ट आम्हां उधनेकरांस विशेष जवळची वाटावी. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील एका कापड गिरणीची जमीन चिकणमातीची होती. ती खचे, लांब दांडे वाकडे होत आणि बेअरिंगे वारंवार निकामी होत. त्या गिरणीतील तरुण अभियंता स्वेन विंगक्विस्ट याने 1907 साली छर्ऱ्यांच्या दोन रांगांचे, दांडा किंचित कलला तरी स्वतःस जुळवून घेणारे बेअरिंग शोधिले. कापडाच्या गिरणीतूनच ही सुधारणा जगास मिळाली!

असो. आमच्या जुन्या बेअरिंगच्या कडीवर 6202 हा आकडा कोरलेला होता. त्याचे शेवटचे दोन अंक 04 किंवा अधिक असले की त्यांस 5 ने गुणिल्यास आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरांत मिळतो. 00 ते 03 यांस मात्र हा नियम लागू नाही; त्यांचे व्यास अनुक्रमे 10, 12, 15 आणि 17 मिलिमीटर. आमचे बेअरिंग म्हणून आत 15, बाहेर 35 आणि जाडीस 11 मिलिमीटर. दुकानात गाडीचे नाव सांगण्यापेक्षा हा आकडा दाखविणे बरे.

जुने बेअरिंग काढणे सोपे गेले. आतली नळी किंचित बाजूस सारून, पलीकडून पितळी सळई घालून, कडीवर फिरत्या जागी ठोके दिले. जे टाकूनच द्यावयाचे त्यास इजा होण्याची चिंता नव्हती. त्याच बेफिकिरीने आम्ही नवे बेअरिंगही आतल्या कडीवर ठोकीत बसविले. चाक फिरवून पाहतो तो बोटांस खडे लागल्यासारखे वाटले.

शेजारचे फिटर काका मागांची दुरुस्ती करतात. त्यांनी विचारले, "पोरांनो, कुठल्या कडीवर ठोकलंत?"

"आतल्या कडीवर, काका."

"मग तो घाव छर्ऱ्यांतून गेला. खाचेला खळगे पडले असतील. हे आता वापरू नका."

येथेच सर्व मर्म आहे. चाकाच्या तुंब्यात बाहेरची कडी घट्ट बसते, म्हणून जोरही तिच्यावरच द्यावा. छर्रा खाचेस अगदी टिचभर जागेत टेकलेला असतो. हातोड्याचा घाव तेवढ्या जागेत एकवटला की कठीण पोलादही दबते.

दुसऱ्या खेपेस आम्ही हातोड्याआधी उष्णतेची मदत घेतली. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. 35 मिलिमीटरचे भोक 60 अंशांनी तापविल्यास सुमारे 0.05 मिलिमीटर मोठे होते. एवढीशी सैलही पुरते. नवे बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेविले. सकाळी टायरवर व ब्रेकच्या भागावर पाणी जाणार नाही अशा बेताने उकळत्या पाण्यातील फडकी चिमट्याने धरून तुंब्यावर शेकली आणि मग बेअरिंग सरळ आत सोडिले. उरलेला भाग बाहेरच्या कडीएवढ्या तोंडाच्या लोखंडी नळीवर हलके ठोके देऊन बसविला. आवाज बदलून भरीव झाला, की ते तळाशी टेकले.

दुसऱ्या बाजूचे बेअरिंग बसविण्यापूर्वी मधली नळी विसरू नये. ती दोन्ही आतल्या कड्यांमधील अंतर राखते. ती नसली, तर आसाचा नट आवळताच आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, छर्रे तिरपे दबतात आणि नवी बेअरिंगेही लवकर झिजतात. दुसरे बेअरिंग नळीस जेमतेम टेकले की थांबावे. ब्रेकच्या पट्ट्यांस वंगणाचा हात लागू देऊ नये.

वडिलांनी गाडी प्रथम गल्लीत चालविली, ब्रेक दाबून पाहिला, मग मोठ्या रस्त्यावर नेली. परतल्यावर त्यांनी पुन्हा चाक धरून आडवे हलविले. बोलले काहीच नाहीत, पण त्या रात्री पाळीस गाडीच घेऊन गेले. आम्ही बिघडविलेले बेअरिंग शाळेच्या विज्ञान कक्षात ठेविले आहे. बाहेरची कडी धरून आतली सावकाश फिरविली, तर ते खळगे बोटांस अजून लागतात.