औषधाला दाद न देणारा न्यूमोनिया



अमेरिकेतील मिनेसोटा व नॉर्थ डकोटा हा बीट पिकवणारा मुलूख. तिथेही १९७३ पासून शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना आहे, म्हणजे आपले भाऊबंदच. या दोन राज्यांत १९९७ ते १९९९ या काळात चार धडधाकट मुले दगावली. त्यांतल्या १३ वर्षांच्या मुलीला आदल्या दिवशी नुसता खोकला होता. दुसऱ्या दिवशी ताप, धाप, खोकल्यातून रक्त. डॉक्टरांनी नेहमीची, पेनिसिलीनच्या गोतावळ्यातली औषधे सुरू केली. ती लागूच पडेनात. सातव्या दिवशी पोर गेली.

जंतू कोणता? स्टॅफिलोकॉकस. गळू करतो तोच! पुष्कळांच्या नाकात, कातडीवर तो मुकाट असतो. १९५९ साली त्याच्यावर मेथिसिलीन आले, अन् १९६१ मध्ये इंग्लंडात त्यालाही न जुमानणारी जात सापडली. एकच फवारा मारत राहिलं की कीड मरत नाही, तसंच हे. ही जात आधी इस्पितळातच भेटे. आता घरबसल्याही गाठते.

फ्लूनंतर हा धोका अधिक. बरे वाटता वाटता ताप उलटला, दम लागला, थुंकीत रक्त दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. रातोरात मोठे इस्पितळ गाठा. अगोदर घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. थुंकी-रक्ताच्या तपासणीतून जंतू कळतो, मग व्हँकोमायसिन किंवा लिनेझोलिड देता येते. आणि साध्या सर्दीला दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. सर्दीच्या विषाणूवर ते चालतच नाही.