लहान घरात धान्याची साठवण

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांत रब्बी ज्वारी मोठ्या प्रमाणावर होते. फाल्गुनात खळे उरकले की वर्षाचे धान्य दोन खणांच्या घरात येते आणि माणसांना निजावयास जागा अपुरी पडते. अशा वेळी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

धान्य कडक उन्हात वाळवून त्यातील ओलावा शेकडा १० ते १२ पर्यंत आणावा. दाताखाली दाणा कट्कन फुटला म्हणजे ते वाळले असे समजावे. ते निवल्यावरच भरावे.

पोत्यांच्या पसाऱ्यापेक्षा पत्र्याची उभी कोठी कमी जागा व्यापते. ती चुलीपासून दूर, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवावी. कपड्यांसाठी वलणी व लहान जिनसांसाठी कोनाडे वापरल्यास जमीन मोकळी राहते.

कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला धान्यात मिसळावा. मात्र ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कदापि वापरू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू अत्यंत विषारी व हवेपेक्षा जड असतो. दारे लावून जमिनीवर निजलेल्या कुटुंबाचा तो प्राण घेऊ शकतो.

धान्य माणसांसाठी आहे. त्याच्या रक्षणापायी माणसे गमावू नयेत.