संगीत शिक्षकाची पदवी : पैसे कोणाचे, किती आणि कधी?



या अंकाच्या अभ्यासलेखात आम्ही व्यवहारातले एक गणित घेतले आहे. वडोद्यातल्या मराठी घरांतून अमेरिकेत गेलेली मंडळी पुष्कळ. त्यांतल्या ज्यांची गाण्याची, तबल्याची किंवा व्हायोलिनची चांगली तयारी असते त्यांना तिथल्या शाळेत संगीत शिकवावेसे वाटते. मग प्रश्न येतो पदवीचा. नोकरी सांभाळून, घरबसल्या संगीत शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी देणारी अनेक विद्यापीठे अमेरिकेत आहेत. प्रवेश मिळणे फारसे अवघड नसते. अवघड असते ती फी. ती कशी भरावी याचा विचार प्रवेशानंतर केला, तर दोन वर्षांच्या अभ्यासाचे ओझे दहा वर्षे वाहावे लागते. म्हणून हा हिशेब आधी शिकू. तो शिक्षकाला जितका लागू आहे तितकाच इंजिनियरिंगला जाणाऱ्या मुलालाही लागू आहे.

१. ही पदवी हवी कशाला?

अमेरिकेत सरकारी शाळेत शिकवायला त्या त्या राज्याचा परवाना लागतो. न्यूयॉर्क राज्यात शिक्षकाला आधी पाच वर्षांचा प्रारंभिक परवाना मिळतो आणि पुढच्या परवान्यासाठी पदव्युत्तर पदवी मिळवावी लागते. म्हणजे तिथे पदवी नाही तर नोकरी धोक्यात. इतर बऱ्याच राज्यांत ती सक्तीची नाही, पण पदवी असलेल्याला वरची वेतनश्रेणी मिळते.

यातून पहिला नियम निघतो. पदवीने पगार वर्षाला किती वाढणार, हा आकडा शाळेच्या वेतनपत्रकावरून आधी लिहून काढावा. तिथल्या बहुतेक सरकारी शाळांचे वेतनपत्रक उघड असते. वाढ वर्षाला तीन हजार डॉलर असेल तर पंधरा हजारांची पदवी पाच वर्षांत वसूल होईल. तीच पदवी चाळीस हजारांना घेतली तर तेरा वर्षांहून अधिक काळ लागेल. विषय तोच, परवाना तोच, पगारही तोच.

दुसरे, विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का ते पाहावे. मान्यता नसेल तर सरकारी कर्ज मिळत नाही आणि पदवीही शाळा धरत नाहीत. संगीताच्या अभ्यासक्रमांची तपासणी करणारी एक स्वतंत्र संस्था तिथे १९२४ पासून आहे, नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ म्युझिक. तिच्या यादीत नाव असणे ही चांगली खूण. शिवाय एका राज्यातली ऑनलाइन पदवी दुसऱ्या राज्यात परवान्यासाठी चालेलच असे नाही. विद्यापीठाला हे लेखी विचारावे.

२. किंमत कशी मोजायची?

तिथे फी वर्षावर नसते, क्रेडिटवर असते. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे माप. या पदवीला साधारण ३० ते ३६ क्रेडिट लागतात. जाहिरातीत एका क्रेडिटचा दर असतो. त्याला एकूण क्रेडिटने गुणावे, त्यात तंत्रज्ञान शुल्क, पुस्तके आणि पदवीदान शुल्क मिळवावे. काही अभ्यासक्रमांना उन्हाळ्यात थोडे दिवस प्रत्यक्ष जावे लागते, तो प्रवासखर्चही धरावा. सरकारी विद्यापीठात राज्यातल्या रहिवाशाला दर कमी असतो. ऑनलाइन विद्यार्थ्याला कोणता दर लावतात, हा प्रश्न विसरू नये.

३. पैशाचे मार्ग

आमच्या मते हे मार्ग पुढच्या क्रमानेच तपासावेत.

पहिला, नोकरी देणाऱ्याचा पैसा. शाळेने किंवा शाळा-मंडळाने शिक्षकाच्या फीसाठी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत दिले, तर अटी पूर्ण असल्यास ती रक्कम शिक्षकाच्या करपात्र उत्पन्नात धरली जात नाही. सगळीकडे हे मिळत नाही. जिथे मिळते तिथे बहुधा अट असते की ठरावीक गुण मिळवावेत आणि काही वर्षे शाळा सोडू नये.

दुसरा, शिष्यवृत्ती. गरजू विद्यार्थ्यांचे केंद्र सरकारचे पेल अनुदान पदवीपर्यंतच असते, पदव्युत्तरला सहसा नसते. शिक्षकांसाठी ‘टीच’ नावाचे अनुदान आहे, वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत. त्याची अट मात्र नीट वाचावी. गरीब वस्तीच्या शाळेत, आणि ज्या विषयाला शिक्षक कमी पडतात अशा विषयात, आठ वर्षांच्या आत चार वर्षे शिकवावे लागते. राज्याच्या टंचाईच्या यादीत संगीत असेल तरच संगीत शिक्षकाला त्याचा उपयोग. अट मोडली तर अनुदानाचे कर्ज होते आणि व्याज पहिल्या दिवसापासून लागते.

तिसरा, करसवलत. स्वतः भरलेल्या फीच्या पहिल्या १०,००० डॉलरवर २० टक्के, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर, भरायच्या करातून कमी होतात. एकट्याचे उत्पन्न ८०,००० च्या वर गेले की ही सवलत उतरत जाते आणि ९०,००० ला संपते.

चौथा, स्वतःची बचत आणि पगार. ऑनलाइन पदवीचा खरा फायदा इथेच आहे. नोकरी सोडावी लागत नाही, त्यामुळे दर सत्राला एकदोन विषय घेऊन फी पगारातून भरता येते.

पाचवा आणि शेवटचा, कर्ज. त्यासाठी ‘फाफ्सा’ हा सरकारी अर्ज भरतात. अर्ज फुकट आहे, तो भरून देण्याचे पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत मिळते, पण व्याज अभ्यास चालू असतानाच सुरू होते. २०२५-२६ साठी हा दर ७.९४ टक्के ठरला. शिवाय कर्जातून सुमारे एक टक्का शुल्क आधीच कापले जाते. अभ्यास निम्म्या वेळेपेक्षा कमी असेल तर हे कर्ज मिळत नाही.

२००६ पासून याखेरीज आणखी एक सरकारी कर्ज होते, ज्यात उरलेला सगळा खर्च काढता येत असे. २०२५ च्या कायद्याने ते १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद ठरवले आणि साध्या कर्जालाही एकूण १,००,००० डॉलरची मर्यादा घातली. त्यामुळे महागडा अभ्यासक्रम निवडणाऱ्याला खाजगी कर्जाकडे वळावे लागते, आणि खाजगी कर्जाला सरकारी माफीच्या योजना लागू नसतात.

माफीबद्दलही भ्रम नको. गरीब वस्तीच्या शाळेत सलग पाच वर्षे शिकवले तर कर्ज माफ होते, पण १७,५०० डॉलरची माफी माध्यमिक गणित, विज्ञान आणि विशेष मुलांच्या शिक्षकांना आहे. संगीत शिक्षकाला जास्तीत जास्त ५,०००. सार्वजनिक सेवेतल्या नोकरदाराला १२० हप्ते भरल्यावर उरलेले कर्ज माफ होते हे खरे, पण दहा वर्षांच्या सरळ हप्त्यांत काही उरतच नाही. त्यासाठी उत्पन्नावर बेतलेला हप्ता निवडावा लागतो.

४. एक उदाहरण सोडवू

आकडे सोपे धरू. ३० क्रेडिट, एका क्रेडिटला ५०० डॉलर. एकूण फी १५,००० डॉलर. व्याज ८ टक्के.

पहिली शिक्षिका दोन वर्षांत पदवी करते आणि सगळी फी कर्जाने भरते. दर वर्षाच्या सुरुवातीला ७,५०० डॉलर. पहिल्या रकमेवर दोन वर्षांचे व्याज १,२००, दुसरीवर एका वर्षाचे ६००. पदवीनंतर सहा महिने हप्ता नसतो, त्या काळाचे १५,००० वर आणखी ६००. एकूण २,४००. हे व्याज तिने तेव्हाच चुकते केले असे धरू. पुढे १५,००० डॉलर दहा वर्षांत फेडायला महिना सुमारे १८२ डॉलर, म्हणजे एकूण सुमारे २१,८४०. सगळे मिळून २४,२४०. तिला दोन वर्षांत करसवलतीचे ३,००० मिळाले असे धरले तरी पदवी पडली २१,२४० डॉलरला.

दुसरी शिक्षिका घाई करत नाही. वर्षाला १० क्रेडिट, तीन वर्षे. दर वर्षी फी ५,०००. तिच्या शाळेकडून वर्षाला २,००० मिळतात. उरलेल्या ३,००० वर २० टक्के करसवलत, म्हणजे ६००. तिच्या खिशातून गेले वर्षाला २,४००, महिन्याला २०० डॉलर. तीन वर्षांत ७,२००, आणि कर्ज शून्य.

आता दोघींचे महिन्याचे आकडे शेजारी ठेवा. एकीचे १८२, दुसरीचे २००. महिन्याला ओढाताण जवळजवळ सारखीच. पण दुसरी तीन वर्षांत मोकळी झाली आणि पहिली पदवी हातात घेऊन दहा वर्षे हप्ते भरत राहिली. समजा, दुसरीच्या शाळेने काहीच दिले नसते. तरी करसवलत वजा जाता तिला महिना सुमारे ३३३ डॉलर पडले असते, एकूण १२,०००. तेही पहिलीपेक्षा ९,२४० ने कमी. या पाठाचे सार एवढेच : आधी दुसऱ्याने देऊ केलेला पैसा, मग स्वतःचा, आणि कर्ज सर्वांत शेवटी.

जिथे परवान्याची मुदत जवळ आली आहे तिथे मात्र एक वर्ष उशीर महाग पडू शकतो. अशा वेळी थोडे कर्ज काढणे चूक नाही. फक्त किती आणि का, हे कागदावर असावे.

५. आपल्या नातेवाइकांसाठी दोन सूचना

केंद्र सरकारचे हे कर्ज नागरिकांना, ग्रीन कार्ड असलेल्यांना आणि आणखी काही मोजक्या गटांना मिळते. नोकरीच्या एच-वन व्हिसावर गेलेल्यांना किंवा त्यांच्याबरोबर एच-फोरवर गेलेल्या जोडीदाराला ते मिळत नाही. लग्न होऊन जाणाऱ्या मुलींनी हे आधी माहीत करून घ्यावे.

भारतात बसून अमेरिकेची ऑनलाइन पदवी घेणाऱ्याला तिकडचे सरकारी कर्ज नाही आणि फी डॉलरमध्ये. आपल्या बँका ऑनलाइन अभ्यासक्रमाला कर्ज देतातच असे नाही. दिलेच तर व्याजावरची करवजावट जुन्या करप्रणालीत आहे, नव्यात नाही. आणि ती पदवी इथल्या शाळेत नेमणुकीसाठी ग्राह्य धरतील का, हे पैसे भरण्याआधी नेमणूक करणाऱ्याकडून लेखी घ्यावे.

६. विश्वस्तांपुढे आमचे म्हणणे

शिक्षकाच्या शिक्षणाचा खर्च संस्थेने उचलणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्याच शहरात महाराजा सयाजीरावांच्या काळात १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाताखाली संगीतशाळा सुरू झाली, ती राज्याच्या आश्रयाने. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या उपदेशक वर्गातल्या मुलांचे राहणे, जेवण आणि शिक्षण विद्यालय पाही, आणि त्या बदल्यात मुलांनी पुढे शिकवायचे असे. अमेरिकेतल्या ‘टीच’ अनुदानाचीही अट याच जातीची. त्याच पलुसकरांची मुंबईतली इमारत पुढे कर्जापायी लिलावात गेली, हेही विसरू नये. इतक्या मोठ्या माणसालाही कर्जाने सोडले नाही.

म्हणून आमची सूचना अशी. शाळेने एक छोटा शिक्षक-शिक्षण निधी ठेवावा. ज्या शिक्षकाला पुढची पदवी किंवा संगीताची परीक्षा द्यायची असेल त्याची निम्मी फी, तो उत्तीर्ण झाल्यावर, निधीतून परत द्यावी. त्याने पुढची दोन वर्षे शाळेत शिकवण्याचे लिहून द्यावे. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती ठरलेली आणि दरवर्षी मिळणारी असावी. एरवी होते असे की शिक्षक स्वतःच्या पैशाने शिकतो आणि जास्त पगाराच्या शाळेत निघून जातो. त्यात त्याचा दोष नाही. संगीताचा तास मात्र आपल्या मुलांचा बुडतो.

स्वाध्याय

१) ३६ क्रेडिट, प्रत्येकी ४५० डॉलर, शिवाय प्रत्येक क्रेडिटला ६० डॉलर तंत्रज्ञान शुल्क. एकूण खर्च किती?

२) ६,००० डॉलरवर द.सा.द.शे. ८ दराने अडीच वर्षांचे सरळव्याज काढा.

३) उदाहरणातल्या दुसऱ्या शिक्षिकेला शाळेने वर्षाला ३,००० डॉलर दिले असते, तर करसवलतीनंतर तिला महिन्याला किती पडले असते?

४) घरी विचारा : आपल्या घरात कोणाच्या शिक्षणासाठी कर्ज काढले होते का? ते किती वर्षांत फिटले? मूळ रक्कम किती आणि व्याज किती?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहायचे नाही. ते आईवडिलांबरोबर बसून समजून घ्यायचे आहे. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे वर्गशिक्षकांना दाखवावीत.