"बरा आहे सर"

बोईसरमध्ये शाळकरी मुलांना कबड्डी शिकवतो, त्याला बावीस वर्षं झाली. डोक्याला लागलेल्या मुलांकडून जे शिकलो, ते लिहितो.

१. "बरा आहे सर" यावर विश्वास ठेवायचा नाही. पट काढायला वाकलेल्या माझ्या कोपरारक्षकाच्या कानशिलावर चढाईपटूचा गुडघा बसला. रक्त नाही, टेंगूळ नाही. मी तोंडावर पाणी मारलं आणि त्याला पुन्हा उतरवलं. आम्ही जिंकलो. संध्याकाळी त्याने विचारलं, "सर, आपली मॅच कधी आहे?" पुढे महिनाभर फळ्यावरचं वाचताना त्याचं डोकं दुखायचं. चूक माझी होती.

२. मुका मार स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही. कन्कशनमध्ये, म्हणजे मेंदूला हादरा बसल्यावर, शुद्ध हरपतेच असंही नाही, आणि लक्षणं उशिराही येतात. ४ डिसेंबर २०२० ला कॅनबेरात क्रिकेटपटू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, तरी त्याने डाव पूर्ण केला. चक्कर नंतर जाणवली. त्याच्या जागी चहल उतरला.

३. डोक्याला लागलं की त्या दिवशीचा खेळ संपला. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला, तर कोवळ्या वयात मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. कॅनडात २०१३ साली रोवन स्ट्रिंगर ही १७ वर्षांची रग्बीपटू अशीच गेली. तिच्या नावाने ओंटारियोत २०१८ ला कायदा झाला.

४. मुलाला घरी पाठवण्याआधी विचारा, आज रात्री घरी कोण आहे? आमच्याकडे बऱ्याच घरांत बाप तारापूर एमआयडीसीत रात्रपाळीला असतो. मूल एकटं झोपणार असेल, तर शेजारच्या काकूंना सांगून या. वसतिगृहातलं असेल, तर अधीक्षकांना. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, न उतरणारी गुंगी, हातापायांतली कमजोरी किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन. सकाळची वाट पाहू नका. मोठ्या उपचारांसाठी आपल्याला अनेकदा मुंबई किंवा वापी-सिल्वासा गाठावं लागतं, आणि वाटेतच खूप वेळ जातो. कांदा हुंगवण्यात तो आणखी घालवू नका.

५. मुलाला अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडू नका. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी. मग चालणं, शाळा, हळूहळू धावणं, अंगाला अंग न लावता सराव. प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस. त्रास वाढला तर एक पायरी मागे. पकडी आणि चढाया डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. किशोरवयीन मुलांना यात महिनाही लागतो.

६. आईबापांना स्वतः भेटा. निवड चाचणी हुकेल या भीतीने मुलं दुखणं लपवतात, आणि कधी कधी घरचेही.

शिक्षकहो, कबड्डीत सात गडी मैदानात असतात आणि राखीव गडी बाहेर बसलेले असतात. त्यांच्यातला एक उतरवा.