अंटार्क्टिकाची जहाजसफर : कार्यक्रम हवामानाच्या हाती

पर्यटक जहाजाने अंटार्क्टिकाला जाणे म्हणजे बहुतेक वेळा अंटार्क्टिक द्वीपकल्पाला जाणे. दक्षिण अमेरिकेच्या रोखाने पुढे आलेली खंडाची ही चिंचोळी पट्टी अर्जेंटिनाच्या उशुआया बंदरापासून साधारण १,००० किलोमीटरवर आहे, आणि नोव्हेंबर ते मार्च एवढाच तिचा हंगाम. दक्षिण ध्रुव येथून फार आत राहतो. भारताची मैत्री आणि भारती ही केंद्रेही खंडाच्या पूर्व बाजूला, या मार्गापासून हजारो किलोमीटर दूर आहेत. १९८१ साली गोव्याहून निघालेल्या पहिल्या भारतीय मोहिमेची आठवण मनात ठेवून तिकीट काढणाऱ्याला हे आधी ठाऊक असलेले बरे.

जहाज निवडताना केबिनच्या छायाचित्रांपेक्षा प्रवाशांची संख्या महत्त्वाची. सफर कंपन्यांची ‘आयएटो’ ही आंतरराष्ट्रीय संघटना १९९१ मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमानुसार एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर उतरू शकत नाहीत आणि ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाच उतरवले जात नाही. म्हणजे दोनशे प्रवाशांच्या जहाजावर निम्मे किनाऱ्यावर आणि निम्मे पाळीची वाट पाहत. स्वस्त मिळाले म्हणून मोठे जहाज घेणाऱ्याला खंड फक्त डेकवरून दिसतो, आणि ही गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते. लहान जहाज लाटांवर जास्त हेलकावते, हीही दुसरी बाजू आहेच.

माहितीपत्रकातले नकाशे गोड असतात. लेमेर खाडी, पोर्ट लॉकरॉय, नेको हार्बर, डिसेप्शन बेट अशी नावे त्यांत ओळीने मांडलेली असतात. पण लेमेर खाडी बर्फाने भरली की जहाज तोंडापासून परत फिरते, आणि वारा वाढला की पोर्ट लॉकरॉयचे टपालघर दुरूनच पाहावे लागते. रोज कुठे उतरायचे हे मोहीमप्रमुख त्या दिवशीचे वारे आणि बर्फ पाहून ठरवतो. ठिकाण चुकले म्हणून पैसे परत मागणाऱ्यांची हुज्जत जहाजावर हमखास ऐकू येते. तिचा उपयोग होत नाही, कारण करारात तसे आधीच लिहिलेले असते.

खरी गफलत मात्र जहाजावर चढण्याआधीच होते. ब्युनोस आयर्सला परदेशी विमाने प्रामुख्याने एझेइझा विमानतळावर उतरतात, तर उशुआयाची पुष्कळ विमाने शहरातल्या एरोपार्क विमानतळावरून सुटतात. सामान घेऊन शहर ओलांडावे लागते आणि त्यात तासन्‌तास जातात. जहाज कोणासाठी थांबत नाही, मागे राहिलेल्या बॅगेसाठी तर नाहीच. उशुआयाला निदान एक दिवस, शक्यतो दोन दिवस आधी पोहोचावे. औषधे, चष्मा आणि गरम कपड्यांचा एक जोड हातातल्या बॅगेत ठेवावा. जहाज सुटले की प्रवासी अर्जेंटिनाबाहेर जातो आणि परतताना पुन्हा प्रवेश करतो, म्हणून व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना, हे अर्ज करतानाच पाहावे.

त्यानंतर ड्रेक सामुद्रधुनी, जाताना साधारण दोन दिवस आणि येताना तेवढेच. या अक्षांशावर पृथ्वीभोवती कुठेही जमीन आडवी येत नाही, त्यामुळे वारा आणि प्रवाह यांना अडवणारे काही नसते. बोट लागण्यावरची गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी लागते. उलट्या लागल्यावर ती पोटात राहत नाही. अवोमिनने गुंगी येते, आणि कानामागे लावायची पट्टी काचबिंदू असलेल्यांना अपायकारक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांचा सल्ला मुंबई-पुण्यातच घ्यावा. या टप्प्यात इजा होते ती बहुधा साध्या कारणांनी. दाराच्या चौकटीत बोटे चेमटतात, जिन्यावरून तोल जातो, सपाता घसरतात. विमानाने किंग जॉर्ज बेटावर उतरून हा टप्पा टाळता येतो, पण तिथल्या धुक्यामुळे विमानेही अडकून पडतात.

किनाऱ्यावर नेणाऱ्या झोडियाक या रबरी बोटीत चढता-उतरताना खलाशाचा पंजा नव्हे, मनगट धरायचे आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे. कॅमेरा पाठीवरच्या जलरोधक पिशवीत. उतरण्याआधी कपडे, पिशव्या आणि वेल्क्रोच्या पट्ट्या तपासून बिया काढल्या जातात, बूट जंतुनाशकात बुडवले जातात. पक्ष्यांच्या फ्लूमुळे आता जमिनीवर बसणे, गुडघे टेकणे किंवा पिशवी ठेवणेही मना आहे. खाद्यपदार्थ किनाऱ्यावर नेता येत नाहीत, त्यामुळे चिवड्याची पुडी केबिनमध्येच राहते. शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असल्यास ते आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. पेंग्विनपासून पाच मीटर अंतर ठेवायचे, आणि पेंग्विन स्वतःहून जवळ आला तर स्तब्ध उभे राहायचे. नेको हार्बरला हिमनदीचा कडा पाण्यात कोसळला की उठलेली लाट किनारा धुऊन काढते. तिथे पाण्याकाठी छायाचित्रांसाठी रेंगाळू नका, असे मार्गदर्शक सांगतो तेव्हा तो उगीच घाई करत नसतो.

उन्हाळ्यात द्वीपकल्पावर तापमान शून्याच्या आसपास असते. झोंबतो तो वारा. अंगालगत सुती कपडा ओला झाला की गारठा उतरत नाही, म्हणून लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर आणि वरून जलरोधक विजार. बर्फावरून परतणारे ऊन डोळे आणि हनुवटीची खालची बाजू भाजते.

जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, शस्त्रक्रिया नाही. गंभीर रुग्णाला हलवण्याचा खर्च प्रचंड होतो आणि कधी संपूर्ण जहाजच उशुआयाकडे वळवावे लागते. विम्यात अंटार्क्टिकाचे नाव आणि आपत्कालीन स्थलांतर स्पष्टपणे लिहिलेले असावे. जुना मधुमेह किंवा हृदयविकार त्यात लपवू नये. जीवरक्षक बोटींची कवायत टाळणाऱ्यांनी २३ नोव्हेंबर २००७ आठवावा. त्या दिवशी ‘एक्सप्लोरर’ हे जहाज दक्षिण शेटलँड बेटांजवळ बर्फावर आदळून बुडाले. त्यावरचे १५४ जण काही तास उघड्या बोटींत बसून राहिले आणि नॉर्वेच्या एका जहाजाने सर्वांना वाचवले.

परतीचे जहाज सहसा सकाळी उशुआयाला लागते आणि न्याहारीनंतर केबिन रिकामी करावी लागते. ड्रेकमध्ये उशीर होऊ शकतो, म्हणून त्याच दिवशीचे मायदेशाचे विमान धरू नये. ब्युनोस आयर्सला एक मुक्काम ठेवावा.